चव कानावरून जाते

सात नंबरचं टेबल. बाई. वय एकोणनव्वद. फुप्फुसं निकामी.
एवढंच सांगतात आम्हाला. नाव नाही.
बाहेर डंडीत साडेतीनलाच दिवे लागलेत,
टे नदी शिशाच्या रंगाची,
आणि मी सहा पोरांना शिकवतेय
जबडा कसा उघडायचा.

आधी कातडी, मग चरबी, भिजल्या मुगाच्या डाळीसारखी,
मग गालातला चावायचा स्नायू.
केवढा जाड आहे हा, रुअरी म्हणतो.
खरंच. सगळा देह वाळलेला
आणि हा एकटाच पिळून ठेवलेल्या दोरासारखा.
झोपेत दात खात असेल, मी म्हणते.
माझा नवराही माझ्याबद्दल हेच म्हणतो,
ते सांगत नाही.

आता हातमोजे काढा. स्वतःच्या जबड्याच्या कडेवर,
या स्नायूच्या जरा पुढे, बोट ठेवा.
सहा चेहरे एकदम विचारात पडल्यासारखे.
लागला ठोका?
इथून धमनी गालावर चढते, नागमोडी,
डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.
नागमोडी का, तर माणूस आ वासतो.
मिरजेला आमचे उकिडवे सर सांगायचे,
सुतळी बांधताना हातभर जास्त सोडतो की नाही आपण?
तसं.

मग करवत.
मेल्यावर बसलेली दातखीळ
अशी हाडासकट सुटते.
आत शिरांचं जाळं, पालेभाजी निवडावी तसं निवडत जायचं,
घाई केली की सगळं एका रंगाचं.
एक नस खालच्या जबड्याच्या हाडात शिरते,
दातांखालून बोगद्यानं जाते, हनुवटीपाशी बाहेर येते.
दुसरी एका धमनीपाशी दुभंगते,
दोन्ही बाजूंनी तिला कवेत घेते
आणि पुन्हा एक होऊन पुढे चालू लागते.
इथे पोरं दरवर्षी गप्प होतात.
मीही काही बोलत नाही. परीक्षेत हे विचारतात.

आणि शेवटी ती, केसाएवढी.
हिच्यासाठी मी दिवा जवळ ओढते.
जिभेच्या नसेतून मागच्या मागे फुटते,
हाडाच्या फटीत शिरते,
कानाच्या पडद्याला आतून घासून मेंदूकडे जाते.
मीठ, कैरी, जिभेच्या शेंड्यावरचा गूळ,
सगळं कानावरून जातं माणसाच्या.
श्वास रोखा, मी म्हणते. तुटली तर पुन्हा सापडत नाही.

मे महिन्यात देह देणाऱ्यांसाठी सभा असते.
घरची माणसं येतात. चहा, शॉर्टब्रेड, ओले कोट.
इझबेल नावाची बाई माझ्याशी बोलते
आणि प्रत्येक शब्द ओठांवर मांडून दाखवते.
मला वाटलं, परकी समजून.
ती हसते. आईची सवय हो.
चौदाव्या वर्षापासून तागाच्या गिरणीत,
मागांच्या धडधडाटात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही,
सगळ्या नुसत्या तोंडानं बोलायच्या, आवाजाशिवाय.
रस्त्यापलीकडच्या खिडकीतून आम्हाला रागवायची ती,
शेजाऱ्यांना पत्ता नसायचा.
पुढे कान गेलेच.
ताग तुमच्याकडूनच यायचा ना?
बंगालमधून, मी म्हणते, आमच्याकडे ऊस.
म्हटल्यावर वाटलं, उगाच बोलले.

कुठलं टेबल, हे ती विचारत नाही.
विचारायचं नसतं, आणि मलाही ठाऊक नाही.
त्या वर्षी नव्वदीला टेकलेल्या तिघी होत्या.
जाड स्नायू कुणाचाही असू शकतो.

रात्री दातांवर प्लास्टिकची पट्टी चढवण्याआधी
आरशासमोर मी आवाज न काढता बोलून पाहते.
मीठ दिसतं. पाणी दिसतं. आई तर लांबूनही दिसेल.
पण गूळ, डोळा, कपाळ,
जीभ मागे वळते आणि ओठांवर काहीच नाही.
त्या गिरणीत माझा ळ कुणाला कळला नसता.
पुन्हा म्हणते, मोठं तोंड करून.
कानशिलावरचा स्नायू फुगतो, ओसरतो.
बाहेरून नवरा विचारतो, कुणाशी बोलतेयस?
त्याला कसं ऐकू गेलं कोण जाणे.