अर्धा बोट माया

डोळे सगळ्यात शेवटी.
आधी डोकं: लोकरीचा गोळा,
इतका घट्ट की जमिनीवर आपटला
तरी पोचा पडू नये.
मग आडवा दोरा, करकचून,
त्या दोऱ्याखाली गाल फुटतात.
कातडीचं कापड मी चहात बुडवते,
कधी दोन पुड्या, कधी सात.
वुचमधली मुलं आता एका रंगाची राहिली नाहीत.

वुच म्हणजे होडी,
आणि आमच्या शहरात धड नदी नाही.
गिरण्या होत्या.
बत्तीस वर्षं मी मागावर उभी राहिले,
दोनशे माग एका छताखाली,
डावा कान तिथंच राहिला.
आम्ही बाया ओठ वाचायचो:
कुणाला दिवस गेलेत,
साखर कुठल्या दुकानात आलीय,
ब्रोन्याचा नवरा कुणाच्या घरून पहाटे निघाला,
सगळं आवाजाशिवाय, चार मागांच्या पल्याडून.
आता तिथं सरकते जिने आणि अत्तरांची दुकानं.
मी जात नाही आत.
म्हणजे जाते, पण फक्त मोरीला.

तर तोंड. तोंडाशी मी दरवेळी अडते.
लाल दोऱ्याचा एकच टाका, सरळ.
गिऱ्हाईक म्हणतं, जरा हसरी करा की.
हसरी बाहुली
रडणाऱ्या पोराच्या काय कामाची?

कपड्यांचं वेगळं.
चापाची बटणं चार वर्षांच्या बोटांना उघडत नाहीत,
म्हणून लाकडी गुंडी, ऐसपैस काज,
बाही रुंद, कारण बाहुली हात आखडून घेत नाही.
आणि प्रत्येक शिवणीत अर्धा बोट माया.
लेक हसते: आई, ही काय वाढणार आहे?
नाही वाढणार. माहीत आहे.
हात ऐकत नाहीत.

तिमोन मंगळवारी आला, आईबरोबर.
मालविना गोदामात रात्रपाळी करते,
माझ्याकडे पैसे मोजताना दोनदा चुकली.
पोर खिडकीशी बसलं नवी बाहुली घेऊन,
तिच्याशी बोलत. आवाज नव्हता, नुसते ओठ.
बघायचं नाही असं मी ठरवलं,
पण बत्तीस वर्षांची खोड.

*दार वाजलं तर तू ऊठ,* तो सांगत होता,
*मी नाही उठणार.*
मग थांबला, तिचे पाय चाचपले.
*तुला बूट नाहीत. फरशी गार असते.*

मी सुया डबीत टाकत राहिले, एकेक.
पाच झ्लॉटी कमी होते ते राहू दे म्हटलं.
विजार थोडी दुरुस्त करायचीय,
असं काहीतरी पुटपुटून
बाहुली ठेवून घेतली. तो रडला नाही,
दारातून मात्र तीनदा वळून बघितलं.

त्या रात्री जुन्या कोटाचं अस्तर उसवून
जाड करड्या कापडाचे बूट बेतले,
तळव्याला दुहेरी टीप, गार फरशीसाठी.
बूट झाले आणि विजार वर चढेना.
तेव्हा काढली ती माया,
दोन्ही बाजूंनी,
पुरली अगदी नेमकी.

शुक्रवारी त्यानं बूट बघितले.
बोटानं दाबले. उलटे करून तळवा बघितला.
मग माझ्याकडे:
तुला कुणी सांगितलं?
मी बाहुलीच्या तोंडाकडे बोट केलं.

बराच वेळ तो त्या लाल टाक्याकडे बघत होता.
मग स्टुलावर चढला,
आणि बाहुलीचं तोंड
माझ्या कानाशी नेऊन धरलं,
डाव्या.

मी श्वास रोखून ऐकलं.
बरं, म्हटलं.
बरं. करते.