जावक

सहार विमानतळ, पहाटे पावणेचार.
काचेमागचा मुलगा माझ्या पासपोर्टचं पान
दिव्याखाली तिरकं धरतो,
शाईवरून अंगठा फिरवतो.
"मॅडम, हा आत गेल्याचा शिक्का.
बाहेर पडल्याचा कुठाय?"

मागे रांगेत कुणाचं तरी मूल जांभई देतं.

कुठाय.
एकतीस वर्षं मी माझगावच्या गोदीत
आवक-जावक सांभाळली.
दोन रजिस्टरं, एक लाल पाठीचं, एक काळं.
बोल्टांचं एवढंसं खोकं जरी आवकेत असलं
आणि जावकेत नसलं,
तर ते आपल्यापाशीच आहे म्हणायचं,
डोळ्यांना दिसो न दिसो.
हे मीच शिकवलं नव्या पोरांना. दरडावून.

आता याला काय सांगू.
की डोंगरात रात्री बस थांबली,
ड्रायव्हरने आतले दिवे मालवले,
एक पोरसवदा शिपाई चढला
आणि सगळ्यांचे पासपोर्ट पत्त्यांसारखे पिसत उतरला.
शेजारच्या म्हातारीने माझ्या मुठीत चार अक्रोड कोंबले
आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पत्र्याची खोली. टेबलावर अर्धं कलिंगड,
त्यात उभी खुपसलेली सुरी.
"फादर?"
दिगंबर, म्हटलं.
"दी-गाम-बार." तो हसला नाही.
पुन्हा म्हण, अशी हनुवटी हलवली.
पुन्हा. पुन्हा.
सातव्या खेपेला अण्णांचं नाव
माझ्याच तोंडात कुणा परक्याचं झालं,
आठव्या खेपेला वाटलं, मी खोटं बोलतेय.
"फादर व्हेअर?"
वर बोट दाखवू की खाली?
चंदनवाडीत, म्हणाले मी, मराठीत,
आणि त्याने ते लिहून घेतलं.
खूप वेळ लिहीत होता.
एवढ्याशा उत्तरात इतकं लिहिण्यासारखं काय असतं?

बाहेर बसचं इंजिन सुरू झालं.
त्याने पासपोर्ट टेबलावरून ढकलला,
कलिंगडाच्या पाण्यातून.
मी धावले. शिक्का कोण बघतंय.

"घाईत राहिला असेल," काचेमागचा मुलगा
स्वतःच स्वतःची समजूत घालतो,
आमचा शिक्का मारतो, धप्प.
"इथे आलात ना? मग झालं."

झालं?
घोडपदेवला पाणी साडेपाचला येतं.
बॅग दारातच टाकून बादली लावली,
नळाच्या आवाजाखाली, शेजारी ऐकू जाऊ नये असं,
एकदा म्हणून पाहिलं: दिगंबर.
येतं. नीट येतं.
फक्त पहिलं अक्षर
जरा लांबतं.