दोन बार

बुरेला बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागं
आमचं गॅसचं कोठार.
काउंटरवर मी, साबेला. पाठीशी पिंजरे:
पांढऱ्या खांद्याचा ऑक्सिजन,
काळपट लाल खांद्याचं ॲसिटिलीन, त्याला आडवं निजवायचं नाही,
आणि हिरव्या खांद्याचं मिश्रण, बोटी सांधणाऱ्यांचं.
इथं सिलिंडरला बाटलीच म्हणतात.
पंच्याहत्तर किलोची बाटली.

नियम सोपा आहे, तरी रोज कुणीतरी भांडतं.
रिकामी द्या, भरलेली घ्या.
दिलीत तीच परत मिळेल असं नाही.
गॅस तुमचा, लोखंड कंपनीचं,
आणि भाडं? तुम्ही झोपलात तरी ते जागं असतं.

देल्मीरोला हे एकतीस वर्षांत पटलं नाही.
सोयरीक जुळवताना कूळ विचारावं
तसा तो नव्या बाटलीच्या खांद्यावर ठोकलेल्या तारखा
बोटानं वाचायचा.
"ही माझ्याहून चार वर्षांनी मोठी,
हिला अगं-तुगं कसं करू?"

या फेब्रुवारीत आला
बाटली तिरकी धरून, बुडाच्या कडेवर फिरवत,
आणि अंगणात मधेच थांबला.
याआधी कधी थांबला नव्हता.
"करार बंद कर."
मी मीटर लावून पाहिला.
"अजून साठ बार आहेत हिच्यात."
"त्याचे पैसे?"
"मिळत नाहीत."
"मग गॅस मला दे, बाटली तू ठेव."
हे तो हसत म्हणाला नाही.
हात त्यानं खिशात घातले होते.
का, ते बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्यामागं रांगेत अदेरितो,
केप व्हर्दच्या इल्दा बाईंचा धाकटा,
पहिल्या कराराची अनामत
नाण्यांसकट मोजत उभा.
मोजणं थांबवून म्हणाला,
"व्हॅनमध्ये मशीन आहे माझं.
आणि तुमचं फाटक मोडलंय."

खरंच होतं. नाताळपासून
मी ते तारेनं बांधून ठेवलं होतं.

वारा खाडीवरून थेट येत होता,
आणि वाऱ्यात हे मिश्रण टिकत नाही,
सांधा पावासारखा भोकाभोकांचा होतो.
अदेरितोनं पहिला टाका घातला. तसाच झाला.
दुसराही.
तेव्हा देल्मीरोनं खिशातून हात काढले,
कोटाचे दोन्ही पदर धरून पसरले
आणि वाऱ्याकडं पाठ करून उभा राहिला.
कोट थरथरत होता. वाऱ्यानं असेल.
"हळू," म्हणाला. "घाई तुला आहे, लोखंडाला नाही."

फाटक झालं. चाळीस बार.
मग माझ्या हातगाडीचा दांडा.
बातमी कशी पसरली कोण जाणे,
बेकरीवाली ताट घेऊन आली,
कुणी तुटका गळ, कुणी सायकल,
बोटीवरचा एक पोरगा नुसताच बघायला.
दुपारी दोनला मी कुलूप लावते; लावलं नाही.
जेवण? बेकरीवालीनं पाव दिला, तो उभ्यानंच.
आणि तितका वेळ तो म्हातारा
जिथून वारा तिथं सरकत राहिला,
कोट पसरून, निळा उजेड चुकवायला
डोळे घट्ट मिटून.

काटा तळाशी टेकत आला.
अदेरितोला शेवटचा श्वासही काढून घ्यायचा होता.
"बास," देल्मीरो म्हणाला.
"दोन बार राहू दे.
पार रिकामी केलीस की बाहेरची ओल आत शिरते,
मग पुढच्याचं काम नासतं."
व्हॉल्व्ह त्यानंच बंद केला. दोन प्रयत्न लागले.
आम्ही दोघं फाटकाकडं बघत राहिलो.

कागदावर रकाने दोनच: भरलेली, रिकामी.
मी रिकामीवर फुली मारली. कंपनीला काय सांगायचं.
शुक्रवारच्या ट्रकनं ती गेली.
मिश्रणाच्या कराराखाली आता अदेरितोची सही असते,
मोठी, रेघेबाहेर जाणारी.

फाटक हल्ली करकरत नाही,
त्यामुळं कुणी आत आलेलं मला कळतच नाही.
परवा मान वर केली तर
देल्मीरो पिंजऱ्याशी,
भरून आलेल्या बाटल्यांच्या खांद्यांवरून
एकेक बोट फिरवत.

"आली का गं?" म्हणाला.