जरा

आदेशात एकच क्रियापद होतं : सहाय्य करणे.
सहा महिने, मानधनावर.
सोनपेठ तालुका, जिल्हा परिषदेची शाळा,
दोन खोल्या आणि एक ओसरी, ओसरीत कुणाच्या तरी शेळ्या.

मुंजाजी सरांनी पहिल्याच दिवशी लेकरांना सांगितलं,
ह्या ताई. बाई नाहीत, ताई.
दैवशालाताई म्हणायचं.
मी पट्ट्या अंथरल्या, नखं कापली,
फळ्याला काळा रंग दिला.
सर शिकवायचे, मी मागच्या भिंतीला टेकून
दुसरीतल्या सोपानचा शेंबूड पुसायची.

मग मतदार याद्या आल्या,
पाहुण्यासारख्या, मुक्कामालाच.
सर गाडीला किक मारत म्हणाले,
दैवशाला, जरा वर्ग बघ.

जरा म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात नाही.
पहिला जरा एका तासाचा होता.
नंतर तो मधल्या सुट्टीपर्यंत गेला,
पोळ्यानंतर आठवड्याचा झाला,
आणि दिवाळी सरल्यावर
अर्धी लेकरं ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसून गेली तेव्हा
उरलेल्या तेवीस जणांचा,
पहिली ते चौथीचा,
सगळा जरा माझ्या अंगावर होता.

सर वाईट नाहीत.
त्यांना मोबाइलमध्ये सतरा माहित्या भरायच्या असतात
आणि गावात रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर.
टाकीवर उभं राहून माहिती भरणारा माणूस
खालून फार एकटा दिसतो.

मी हातच्याची बेरीज घेतली.
आठ न् सात पंधरा. पाचाला पाच, हातचा एक.
कुठं ठेवायचा?
वर. बारीक. दशकाच्या डोक्यावर.
आफरीन म्हणाली, मग उत्तरात त्यो दिसंना कामून?
मिसळला ना त्याच्यात.
मग आता खोडू का?
बाहेरून सरकीची गाडी चालली होती.
ती पूर्ण जाईस्तोवर मी थांबले.
राहू दे, म्हणाले, खोडू नको.

नाताळाच्या आधी तपासणी आली.
सर इस्त्रीच्या शर्टात फळ्याजवळ,
मी दुसरीच्या पट्टीवर, गुडघे पोटाशी घेऊन.
साहेबांनी विचारलं, अठ्ठेचाळीस अधिक सदतीस?
तेवीस माना वळल्या
मागं.
मी खाली बघितलं.
बोटानं फरशीवर एक काढला, बारीक.
पंच्याऐंशी! पोरं ओरडली,
ओसरीतल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

शेरा पडला : वर्गशिक्षकांचे काम समाधानकारक.
साहेबांची जीप गेल्यावर सर डबा पुढं करत म्हणाले,
तुझं नाव टाकलं असतं गं,
पण त्यात रकानाच नाही.
ठेचा चांगला झाला होता. खोटं कशाला बोलू.

मुदत संपली बुधवारी.
दोन महिन्यांचं मानधन यायचंय अजून.
हस्तांतराचा कागद कुणी केला नाही,
कागदावर माझ्याकडं काही दिलंच नव्हतं.
फक्त शाळेची किल्ली,
ती आमच्या चुलीमागच्या खिळ्याला.

गुरुवारी पावणेदहाला दारात चपला वाजल्या.
सोपान पुढं, बाकीचे त्याच्या आडून.
बाई, कुलूप.
ताई म्हणायचं, मी म्हणाले.
आफरीननं मान डोलावली. बरं बाई.

मोबाइल वाजला. सर,
टाकीवरूनच असणार :
आजचा दिवस जरा
पुढचं वाक्य आलं नाही.
रेंज गेली असेल.

वरणाखालचा जाळ मी मागं ओढला.