मूळ प्रत

खिडकी नंबर चार. पात्रता विभाग.
काचेला खाली अर्धगोल भोक आहे,
त्यातून आधी हात येतो, मागून चेहरा.
तेवीस वर्षं मी हातच वाचत आलेय.

सकाळी विजापूरचा एक आला, रेवणसिद्ध बिरादार.
दोन वर्षं तिकडं पास, तिसऱ्याला इथं बसायचंय.
मी क्रेडिट मोजले. दोन कमी.
त्यांचा पर्यावरणाचा पेपर दोनाचा, आपला चाराचा.
तो म्हणाला, ‘मॅडम, तुमची पंचगंगा
कृष्णेतनं आमच्याकडंच येत्याय की,
तिला कुठं मायग्रेशन लागतंय?’
मी हसले नाही.
पाण्याचं आणि अलमट्टीचं
इथं कुणी हसत काढत नाही.
‘मूळ प्रत घेऊन या,’ म्हटलं. ‘झेरॉक्स चालत नाही.’

वरच्या मजल्यावर नवा विभाग झालाय, आंतरराष्ट्रीय.
एसी, सोफा, आणि फिरवला की कुरकुरणारा पृथ्वीचा गोल.
यंदाचं टार्गेट पन्नास, असं साहेब म्हणतात.
गेल्या वर्षी आले अकरा, टिकले सात.
माहितीपुस्तकात मात्र एकच जण हसतोय:
चिसोमो फिरी, मलावीचा, एमएस्सी रसायन,
हातात परीक्षानळी, मागं तलाव, तलावाकाठी मोर.
मोर नंतर चिकटवलाय.

कावळा नाक्याच्या फ्लेक्सवरही तोच,
घोड्याएवढे दात, डोक्यावर ‘या, जग इथं शिकतं’.
कोर्स संपवून तीन वर्षं झाली त्याला.
फोटोचे पैसे दिले नव्हते,
एक टी-शर्ट दिला होता, तोही मोठा.

आणि माझ्या टेबलावर त्याची फाईल.
ब्लँटायरहून सहावा मेल:
पुढच्या प्रवेशाला स्थलांतर दाखला हवाय,
इकडच्या विद्यापीठाला झेरॉक्स चालत नाही.
खाली मराठीत, इंग्रजी अक्षरांत:
‘ताई, जरा बघा की.’

अडलंय कुठं? ग्रंथालयात.
ना-देय नाही. एक पुस्तक बाकी.
दंड रोज वाढतो, तो तिकडं झोपला तरी.

आमच्या सासऱ्यांचे वडील
गगनबावड्याकडनं चालत आले होते बोर्डिंगात.
त्या वेळी या गावात ज्याची-त्याची बोर्डिंगं होती,
आणि कुठंच जागा नसलेल्यालाही कुठंतरी होती.
त्यांच्या नावापुढचा रकाना मी पाहिलाय,
वाळवी लागलेल्या वहीत, शाई तपकिरी:
‘ताट-वाटी: आणलेली नाही.’
आणि पुढं, वेगळ्या अक्षरात: ‘दिली.’
शिक्का नाही. सही नाही.
नियमात बसवायचं तर ती नोंदच अवैध.

मधल्या सुट्टीत डबा न उघडता गेले ग्रंथालयात.
रसायनाच्या कपाटात नाही. भौतिकात नाही.
शेवटी सापडलं संगीताच्या खणात,
‘अनुनाद’ हा शब्द बघून कुणीतरी तिथं लावलेलं.
म्हणजे पोरानं परत केलं होतं. केव्हाच.
ग्रंथपाल कुलकर्ण्यांनी चष्मा पुसला,
दंडाच्या आकड्यावर रेघ मारली,
आणि ‘चहा घेणार?’ असं विचारलं.

साडेचारला सही झाली.
जावक क्रमांक टाकला, पाकिटाला डिंक लावला.
बिरादारचा कागद वर सरकवला,
त्याचे दोन क्रेडिट कुठनं आणायचे
ते मला अजून माहीत नाही.
संगीताच्या खणात तरी ते नसणार.

घरी जाताना गंगावेशीत दुधाला थांबले.
धारेच्या म्हशींवर सावलीला
उतरवलेला फ्लेक्स बांधलेला, उलटा.
पाय वर, मोर खाली, आणि मधे चिसोमो.
म्हैस त्याच्या कानाशी शेपूट हलवत होती.
‘कोण ओ हा?’ गवळ्यानं विचारलं.
‘आमचा विद्यार्थी,’ मी म्हटलं,
आणि अर्ध्या लिटरऐवजी एक लिटर घेतलं,
का, ते विचारू नका.