गोडं पाणी

मुहर्रकला खाडीकाठी, पत्र्याच्या छपराखाली
हाजी खलफ यांचा साबणाचा कारखाना.
साल अठ्ठावन्न. पगार रुपयांत.
मी तिथला केमिस्ट, पाटणकर. हाजींच्या तोंडी बाटणकर,
अरबीत 'प' नाही, त्याला कोण काय करणार.

रसायनाचं एक जुनं पुस्तक त्यांनी मुंबईहून मागवलेलं,
कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवलेलं.
दर गुरुवारी पगाराआधी फळ्यापाशी उभे राहायचे:
"हे तेल, हे पाणी. जन्मात एक होणार नाहीत.
तसे बलुची आणि मल्याळी."
मग मध्ये एक लांबट जीव काढायचे,
डोकं पाण्यात, शेपूट तेलात.
"हा साबणाचा कण. हा मुकादम."
मुकादम कुंजाली लाजून हसायचा.
आम्ही मागे त्याला दुतोंड्या म्हणायचो.

मला म्हणाले, "तू उत्प्रेरक.
सगळं घडवतोस, आणि होतास तसाच बाहेर येतोस."
शाबासकीच वाटली. घरी पत्रात लिहिली.
बायकोनं उलट टपाली विचारलं,
होतास तसा म्हणजे कधी होतास तसा?

"आणि मीठ?" एकदा सालेमनं विचारलं.
तो पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारायचा,
एक कान समुद्रात ठेवून आलेला;
आता कढईत वल्हं फिरवायचा.
हाजी खुलले.
"मीठ म्हणजे पगार. उकळीत मीठ पडलं
की साबण वर येतो, घाण खाली राहते.
मीठ पडलं की माणूस कळतो."
खाल्ल्या मिठाला जागावं, आमच्याकडेही म्हणतात.
मी मान डोलावली.

ती खालची घाण मी दर शनिवारी पिंपांत भरायचो.
घाण कसली, ग्लिसरीन.
कराचीचा दलाल साबणाहून चढा भाव द्यायचा.
तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर,
वही उलटी धरून लिहिलेला,
माझ्याच अक्षरात.

जूनमध्ये दादमुहम्मदच्या हातावर कॉस्टिक उडालं.
हाजी स्वतः धावले, घरचा हौद उघडा केला;
विकतचं गोडं पाणी तासभर
त्या हातावरून वाहू दिलं.
आणि गुरुवारी त्याचे नऊ दिवस कापले.
"समीकरण आहे, बाबा. डावीकडे काम नाही,
उजवीकडे पगार कुठून येणार?"

सालेम उठला. त्याला अक्षर येत नव्हतं.
"बाटणकर, कढईत खाली उरतं
ते कुठल्या बाजूला लिहायचं?"

खडू माझ्या हातात होता.
उत्प्रेरकानं गप्प राहायचं असतं.
मी उजवीकडे अधिकचं चिन्ह काढलं,
पुढे ग्लिसरीन,
त्याखाली कराचीचा भाव.

कोणी बोललं नाही. कढई तेवढी बुडबुडत होती.
मग सालेमच म्हणाला, जणू दुसरंच काही सांगतोय:
"समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत.
चामड्याची पिशवी घेऊन आम्ही खाली जायचो.
वर आणलं की सगळी होडी प्यायची.
नाखवा आधी प्यायचा, खरं आहे.
पण घोट तेवढाच."

पुढच्या गुरुवारी फळा धुतलेला होता,
आपल्याच साबणानं, वास येत होता.
दादमुहम्मदला नऊ दिवसांचे पैसे मिळाले.
वहीत कुठेच नोंद नाही.
ग्लिसरीनचा आकडा आहे त्याच पानावर आहे,
फक्त मी आता वही सरळ धरतो.

बायकोला लिहिलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर
अजून नीट जमत नाही.
इथं खारट हवेत कागद ओलसर राहतो,
शाई फुटते. समजून घे.