चीक

रात्री साडेअकराला, सावद्यात,
रायपनिंग चेंबरच्या वरच्या खोलीत बसून
मी एआयला सांगितलं, घड मोजायचं ॲप हवं.
चहा निवायच्या आत
सात स्क्रीन, एक हिरवं बटण,
आणि न मागता एक वापरकर्तासुद्धा:
कैवल्य, वय चौतीस, तंत्रस्नेही.
मी कैवल्यला बारा प्रश्न विचारले.
बाराही वेळा तो म्हणाला, फारच सोयीचं आहे.

सकाळी वाघोद्याच्या रस्त्याला
कापणी चालू होती.
इंदूबाई तायडेंनी डोक्यावरचा घड उतरवला,
फोन घेतला, अंगठा टेकवला.
काही नाही.
पुन्हा टेकवला, जरा रेटून.
"याले आपला अंगठा पटत नाई."

अंगठ्यावर केळीचा चीक.
काळा, वाळलेला,
वीस हंगामांचा.

बांधावर बसूनच मी लिहिलं:
बोटांना चीक आहे, बटण दाबलं जात नाही.
त्यानं विचारलं: गव्हाचा की झाडाचा?
मला हसू आलं.
मग आठवलं,
रात्रभरात मी एवढंही विचारलं नव्हतं.

इंदूबाई केव्हाच ट्रॉलीकडे वळल्या होत्या.
दर पाचव्या घडाला
कमरेच्या सुतळीला एक गाठ,
खाली न बघता.
ट्रॉली भरली तेव्हा
बेचाळीस गाठी, वर चार.
ॲपमध्ये शून्य.

कैवल्यला मी तिथंच पुसला.
त्या जागी काय लिहावं म्हणून
सुतळी हातात घेतली, एकेक गाठ चाचपली,
आणि खिशातून फोन काढला तर
माझ्याही अंगठ्याला
तो उघडेना.